दोन नावं, एक बँड: भाताच्या वाणांच्या मार्कर-प्रकल्पाच्या नोंदी

४ जून

बियाणं आलं. ४१ पाकिटं, प्रत्येकावर वाणाचं नाव आणि जनुकपेढीचा क्रमांक. वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहून ठेवला: या ४१ नावांमागे खरोखर वेगळी भातं किती?

८ आणि २७ या पाकिटांवर नाव अगदी एकच आहे, फक्त ती वेगवेगळ्या ठिकाणी गोळा झालेली आहेत. बाकी ३९ नावं एकमेकांपासून वेगळी. नाव वेगळं म्हणून वाण वेगळा, असं गृहीत धरायचं नाही. उलटही गृहीत धरायचं नाही.

प्रत्येक पाकीट पांढऱ्या कागदावर ओतून दाणे पाहिले. तुसाचा रंग, दाण्याची लांबी, कुसळ आहे की नाही. पाकीट ३० मध्ये पिवळ्या तुसाच्या दाण्यांत काळ्या तुसाचे तीन दाणे सापडले. काढून वेगळ्या पुडीत ठेवले, टाकले नाहीत. भेसळ आहे की वाणच मुळात मिश्र आहे, हे कागदावर बघून ठरत नाही.

६ जून

तुलनेसाठी पाच ओळखीचे वाण घेतले: निप्पॉनबारे, अझुसेना, आयआर ६४, एन २२ आणि बासमती ३७०. भाताच्या पाच मोठ्या गटांमधला एकेक. निप्पॉनबारे समशीतोष्ण जॅपोनिका, अझुसेना उष्णकटिबंधीय जॅपोनिका, आयआर ६४ इंडिका, एन २२ औस आणि बासमती ३७० सुवासिक गटातला. ही पाच गटांची मांडणी २००५ मध्ये गॅरिस आणि सहकाऱ्यांनी २३४ वाणांवर १६९ एसएसआर मार्कर (डीएनएवरच्या, वाणावाणांत लांबी बदलणाऱ्या खुणेच्या जागा) चालवून दाखवली. त्याआधी १९८७ मध्ये ग्लासमन यांनी १,६८८ पारंपरिक वाण फक्त १५ आयसोझाइम जागांवर तपासून सहा गट मांडले होते. डीएनए न वाचता, विकरांच्या पट्ट्यांवरून काढलेली ती विभागणी आजही बरीचशी टिकून आहे. १५ जागा, पण वाण १,६८८. नमुन्यांची निवड किती महत्त्वाची, हे माझ्यासाठी त्या कामातून येतं.

निप्पॉनबारे घेण्याचं आणखी एक कारण आहे. भाताचा संदर्भ जीनोम याच वाणाचा. त्याचा पूर्ण क्रम २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, सुमारे ३८ कोटी ९० लाख बेस-जोड्या, १२ गुणसूत्रं. त्यामुळे कुठल्याही प्रायमर-जोडीचा (हव्या त्या जागेच्या दोन टोकांना चिकटणाऱ्या लहान डीएनए-साखळ्या) निप्पॉनबारेमध्ये किती लांबीचा तुकडा यायला हवा, हे संगणकावर आधीच काढता येतं. जेलवर डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे होऊन पट्ट्या, म्हणजे बँड, दिसतात. तिथे निप्पॉनबारेचा बँड ठरल्या जागी पडला नाही, तर आधी आपलं काही चुकलं असं समजायचं.

एकूण ४६ वाण झाले. मी आधी ४८ करणार होते, कारण ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये दोन मार्कर नेमके बसतात. मॅडमनी विचारलं, "आणि पाणी कुठे घालणार?" बरोबर आहे. डीएनए नसलेला, नुसत्या पाण्याचा एक खळगा प्रत्येक मार्करला हवाच. राहिलेल्या एका खळग्यात सहकारी माझ्या नकळत कुठल्या तरी एका वाणाचा डीएनए 'क' नावाने भरणार आहे. तो कुठला वाण हे शेवटी कळेल. माझं वाचन किती चुकतं ते मोजण्याचा याहून सरळ मार्ग मला ठाऊक नाही.

११ जून

पेरणी. प्रत्येक वाणाची दहा रोपं, कुंड्यांना क्रमांक.

यावर दोन दिवस वाद चालला होता: डीएनए एका रोपाचा घ्यायचा की दहा रोपांची पानं एकत्र करून? पारंपरिक वाण म्हणजे बहुतेक वेळा जवळच्या ओळींचं मिश्रण असतं. एकच रोप घेतलं तर ते मिश्रण दिसत नाही. दहा एकत्र केली तर जेलवर दोन-तीन बँड येतात आणि ते एका रोपातले की दहा रोपांतले, हे सांगता येत नाही. शेवटी एक रोप ठरलं. त्या रोपाच्या कुंडीला लाल खूण. त्याच्या लोंब्या निसवण्याआधी कागदी पिशवीत बांधायच्या आणि बी त्याच रोपाचं ठेवायचं, म्हणजे डीएनए आणि बियाणं एकाच झाडाचं राहील. बाकीची नऊ रोपं शंका आली तर कामाला येतील.

पाकीट ३० मधले काळ्या तुसाचे तीन दाणेही वेगळ्या कुंडीत टाकले.

२८ जून

१७ दिवसांची रोपं. डीएनए काढायला हे वय उत्तम. पान कोवळं असतं, पिष्टमय आणि फिनॉलयुक्त पदार्थ कमी असतात.

सीटॅब पद्धत, म्हणजे सीटॅब या साबणासारख्या रसायनाने पेशी फोडून डीएनए काढणं. पानाचा तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये काचेसारखा ठिसूळ होतो. बत्ता फिरवला की खलात बारीक करकर ऐकू येते आणि फिकट हिरवी, कोरडी पूड उरते. ती पूड गडद आणि ओलसर दिसू लागली म्हणजे ती वितळली. पेशीतली विकरं जागी होऊन डीएनए कापायला लागतात. आज दोन नमुने असे वितळले. दोन्ही पुन्हा केले.

पूड ६५ अंशांच्या सीटॅब द्रावणात अर्धा तास. मग क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल, २४ ला १. सेंट्रिफ्यूजनंतर तीन थर: खाली हिरवं क्लोरोफॉर्म, मध्ये प्रथिनांची पांढरट साय, वर स्वच्छ पाणी. डीएनए वरच्या थरात. साय न हलवता वरचं घ्यायचं असतं. मी दर वेळी शेवटचे ५० मायक्रोलिटर सोडून देते. थोडा डीएनए जातो, पण साय येत नाही. आयसोप्रोपॅनॉल घालून नळी हळूच उलटी केली की द्रवात पांढरे तंतू तरंगताना दिसतात. इतक्यांदा पाहिलं तरी त्या तंतूंपाशी हात थांबतो.

३० जून

शुद्धतेचं वाचन: २६०/२८० गुणोत्तर (दोन तरंगलांब्यांवरचं प्रकाशशोषण) बहुतेक नमुन्यांचं १.८ च्या आसपास, म्हणजे डीएनए शुद्ध. पाच नमुन्यांचं २६०/२३० एकच्या खाली, म्हणजे पिष्टमय पदार्थ उरले आहेत. ते पाच पुन्हा अवक्षेपित केले. सगळे एका सांद्रतेवर आणले.

३ जुलै

मार्कर ठरले. २४ एसएसआर, प्रत्येक गुणसूत्रावर दोन, एकमेकांपासून शक्य तितके दूर. एसएसआर म्हणजे दोन-तीन अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा आलेली जागा, जसं सीटी-सीटी-सीटी. एका वाणात ती जोडी १२ वेळा येते, दुसऱ्यात १७ वेळा. पीसीआर करून, म्हणजे त्या जागेच्या असंख्य प्रती काढून, तिची लांबी मोजायची, एवढंच. भातात अशा मार्करना आरएम म्हणतात आणि पुढे क्रमांक येतो. २००२ मध्ये मॅकाउच आणि सहकाऱ्यांनी एकाच कामात २,२४० नवे आरएम मार्कर दिले, म्हणून निवडीला जागा आहे.

आरएम १९० यादीत होता, तो काढला. मार्कर उत्तम चालतो, बँड स्वच्छ येतात. पण तो सहाव्या गुणसूत्रावरच्या वॅक्सी जनुकात बसलेला आहे आणि तांदळातल्या अमायलोजचं प्रमाण त्याच जनुकावर ठरतं. माणसाने मऊ किंवा मोकळा भात निवडताना ही जागाही नकळत निवडली. वाणांचं एकंदर नातं मोजायला अशी जागा घेतली, तर नात्याऐवजी चव मोजली जाईल. सहाव्यावर दुसरा घेतला.

९ जुलै

पहिल्या चार प्लेट झाल्या. चौथ्या प्लेटवर पाण्याच्या खळग्यात बँड आहे.

फिका नाही, ठळक. म्हणजे ज्यात डीएनए नसायला हवा, त्यात डीएनए आहे. त्या मार्करचे ४७ नमुने छान दिसताहेत आणि तरीही त्यातल्या एकावरही विश्वास ठेवता येत नाही. वहीत त्या जेलच्या फोटोवर आडवी रेघ मारली.

१० जुलै

दूषण शोधलं. पाणी नवं, टॅक (डीएनएच्या प्रती काढणारं पॉलिमरेज एन्झाइम) नवं, प्रायमर जुना: पाण्यात बँड. पाणी नवं, टॅक जुनं, प्रायमरचं नवं विरलन: पाणी स्वच्छ. म्हणजे प्रायमरच्या कामाच्या नळीतच डीएनए गेला होता, बहुधा माझ्याच पिपेटच्या टिपेतून. नळी टाकली. यापुढे प्रायमरची विरलनं डीएनएच्या टेबलावर आणायची नाहीत. मिश्रण वेगळ्या जागी, वेगळ्या पिपेटने, आणि डीएनए सगळ्यात शेवटी. सोबतच्या दुसऱ्या मार्करचं पाणी स्वच्छ होतं, तरी पूर्ण प्लेट पुन्हा केली.

१८ जुलै

अगारोज सोडलं. तीन टक्के अगारोजवर १०–१५ बेस-जोड्यांचा फरक दिसतो, पण दोन अक्षरांच्या एसएसआरमध्ये एका फेरीचा फरक म्हणजे दोनच बेस-जोड्या. अगारोजवर असे तीन वेगळे अलील, म्हणजे एकाच जागेची वेगवेगळी रूपं, एका जाड बँडमध्ये मिसळून जातात आणि वाण आहेत त्याहून जवळचे दिसतात. पॉलिअॅक्रिलअमाइडवर गेले, रंगायला सिल्व्हर नायट्रेट. न घट्ट झालेलं अॅक्रिलअमाइड मज्जासंस्थेला घातक असतं, म्हणून हातमोजे शेवटच्या क्षणापर्यंत चढवलेले.

सिल्व्हरमध्ये बँड हळूहळू उगवतात. आधी लॅडर, म्हणजे माहीत असलेल्या लांबीच्या तुकड्यांची मोजपट्टी, दिसतो, मग सगळ्यात भरपूर असलेले नमुने, मग बाकीचे. नेमकं थांबवावं लागतं. अर्धा मिनिट जास्त झाला की सगळं जेल तपकिरी.

२४ जुलै

वाचन. मी आणि सहकारी वेगवेगळ्या खोल्यांत बसून तेच जेल वाचतो, मग तक्ते जुळवतो.

खरी अडचण सावल्यांची आहे. दोन अक्षरांची पुनरावृत्ती कॉपी करताना पॉलिमरेज मधूनच घसरतं आणि एक फेरी कमी पडते. त्यामुळे मुख्य बँडच्या खाली दोन-दोन बेस-जोड्यांच्या अंतराने फिक्या सावल्या पडतात. शिवाय टॅकला शेवटी एक ज्यादा 'ए' जोडायची सवय असते. काही तुकड्यांना तो जोडला जातो, काहींना नाही, आणि एकाच अलीलचे दोन जुळे बँड दिसतात. दुसऱ्यावर उपाय आहे: शेवटची ७२ अंशांची पायरी लांबवली की सगळ्यांनाच 'ए' मिळतो. सावल्यांवर नियम ठरवला: सगळ्यात वरचा ठळक बँड वाचायचा. जिथे वरचा आणि खालचा सारखेच ठळक, तिथे दोन्ही नोंदवून 'तपासा' लिहायचं.

रिकाम्या ओळींचा प्रश्न वेगळाच. बँड आला नाही म्हणजे पीसीआर फसला, की त्या वाणात प्रायमर बसण्याच्या जागीच बदल झालाय? पुन्हा चालवलं. त्याच डीएनएवर दुसरा मार्कर चालतो आणि हा तीनदा चालत नाही, असं झालं तरच 'शून्य अलील'. नाहीतर 'माहिती नाही'. हे दोन एकाच रकान्यात घातले, तर ज्या वाणांचा डीएनए खराब होता तेच एकमेकांचे सख्खे भाऊ ठरतील.

२ ऑगस्ट

१२ प्लेट पूर्ण. ४६ वाण, २४ मार्कर, १,१०४ घरं. त्यातली ३१ 'माहिती नाही'.

१७ क्रमांकावर थांबले. २४ पैकी १३ मार्करवर दोन बँड. भात स्वपरागित पीक, एकाच फुलात परागण होतं, परपरागण साधारण एक टक्क्याच्याही खाली. चांगल्या जपलेल्या वाणात जवळजवळ प्रत्येक जागी एकच बँड हवा. तेरा ठिकाणी दोन म्हणजे काहीतरी घडलंय.

पहिला संशय माझ्या हातावर: शेजारच्या खळग्यातून सांडलं का? तसं असतं तर दुसरा बँड दर वेळी १६ किंवा १८ शी जुळला असता. १६ शी तेरापैकी सात ठिकाणी जुळत नाही, १८ शी पाच ठिकाणी. सांडलेलं नाही.

५ ऑगस्ट

१७ च्या लाल खुणेच्या रोपाचं ताजं पान, शिवाय त्याच पाकिटातली आणखी आठ रोपं. दुहेरी बँड दाखवणाऱ्या मार्करांपैकी सहा चालवले.

आठही रोपांना एकेकच बँड, आठही सारखी. लाल खुणेच्या रोपात पुन्हा दोन. आणि त्या दोनांतला एक दर वेळी भावंडांचाच. म्हणजे आई १७ च, परागकण बाहेरचा. मागच्या हंगामात कुठेतरी एका फुलावर शेजारच्या वाणाचा पराग पडला. तो एक दाणा पाकिटात आला आणि दहा रोपांतलं नेमकं तेच रोप मी निवडलं.

१७ च्या जागी भावंडांतलं एक रोप घेतलं, २४ ही मार्कर पुन्हा चालवले. जुन्या रोपाला पिवळी खूण. लोंब्या निसवल्या की पाहायचं.

१९ ऑगस्ट

पीआयसी, म्हणजे मार्कर वाणांमधला फरक दाखवायला किती उपयोगी ते सांगणारा आकडा. गणिताच्या वहीत उदाहरण ठेवते, कारण या आकड्याचा घोळ फार होतो. एका मार्करवर ४४ वाण वाचता आले: पहिला अलील २२ वाणांत, दुसरा ११, तिसरा ११. प्रमाण ०.५, ०.२५, ०.२५. त्यांच्या वर्गांची बेरीज ०.३७५. एकातून वजा केली की ०.६२५. ही झाली जनुकीय विविधता, म्हणजे सहज उचललेले दोन अलील वेगळे निघण्याची शक्यता. बॉटस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दिलेल्या पीआयसीमध्ये यातून आणखी एक पद वजा होतं: अलीलांच्या प्रत्येक जोडीसाठी दोघांच्या वर्गांच्या गुणाकाराची दुप्पट. इथे ते ०.०७०. म्हणून पीआयसी ०.५५५. पुष्कळ ठिकाणी ०.६२५ लाच पीआयसी म्हटलेलं असतं आणि मग एका कामातला आकडा दुसऱ्याशी ताडता येत नाही. आपल्या तक्त्यात दोन्ही रकाने वेगळे, नावासकट.

२७ ऑगस्ट

वाणांमधली जनुकीय अंतरं काढली. ४६ वाणांच्या १,०३५ जोड्या. वाणांच्या नात्याचं झाड दाखवणाऱ्या आकृत्या दोन पद्धतींनी काढल्या, यूपीजीएमए आणि नेबर-जॉइनिंग. यूपीजीएमए सगळ्या फांद्या एकाच वेगाने बदलल्या असं धरते. भाताच्या वाणांत, जिथे माणूस दर पिढीला निवड करत आलाय, तिथे ते मला पटत नाही. दोन्ही आकृत्यांत जे टिकलं तेवढंच बोलायचं.

दोन गोष्टी टिकल्या. ८ आणि २७, एकाच नावाची भातं, २४ पैकी १९ मार्करवर वेगळी. आणि १२ व ३३, नावात एक अक्षरही सारखं नाही, पण सगळ्या २४ मार्करवर तंतोतंत एक.

२९ ऑगस्ट

'क' उघडला. तो वाण २१ होता. 'क' आणि २१ यांचं वाचन २३ मार्करवर जुळलं, एका मार्करवर चुकलं. चूक सावलीची: एकदा मी वरचा बँड घेतला होता, एकदा खालचा. दोन खोल्यांतल्या दोन माणसांना तो निसटला.

म्हणजे एका मार्करच्या फरकावरून दोन वाण वेगळे म्हणण्याचा मला अधिकार नाही. तो फरक माझ्या डोळ्याचा असू शकतो. अशा तीन जोड्या तक्त्यात होत्या, त्यांच्यापुढे तसं लिहिलं.

१२ आणि ३३ साठी योगायोगाचा हिशेब केला. आपल्या संचात सरासरी विविधता ०.६ च्या जवळ, म्हणजे एका मार्करवर दोन वाण सहज जुळण्याची शक्यता ०.४. चोवीस वेळा गुणलं तर १०० कोटींत एकाहून कमी. मॅडमनी कागद परत दिला. "हे वाण एकमेकांचे कोणी नसते तर हा हिशेब चालला असता." खरं आहे. एकाच गटातल्या वाणांत कितीतरी जागा आधीच सारख्या असतात, त्या स्वतंत्र नाणेफेकी नव्हेत. हिशेब काढून टाकला. पण योगायोग नाही, यावर आमचं दोघींचं एकमत. तक्त्यात १२ आणि ३३ पुढे पेन्सिलीने 'दुबार' लिहिलं.

५ सप्टेंबर

गटवारी. स्ट्रक्चर ही संगणक-प्रणाली प्रत्येक गटात मुक्त संकर होतो असं धरून चालते, भातात तसं होत नाही, म्हणून प्रत्येक जागेचा एकच अलील दिला. गटांची संख्या १ ते ८, प्रत्येकीला दहा फेऱ्या.

किती गट धरावेत ते सुचवणाऱ्या इव्हॅनो पद्धतीचा कळस दोनवर आला. तो भातात दोनवर येतोच, कारण इंडिका-औस एका बाजूला आणि जॅपोनिका-सुवासिक दुसऱ्या बाजूला ही सगळ्यात खोल भेग आहे. पण दोनवर थांबलं तर प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. पाच गट घेतल्यावर पाच ओळखीचे वाण पाच वेगळ्या रंगांत बसले. ४१ पैकी २४ आयआर ६४ सोबत, ९ एन २२ सोबत, ३ बासमती ३७० सोबत, २ अझुसेनासोबत. निप्पॉनबारेजवळ एकही नाही. तीन वाण मिश्र.

८ इंडिकात, २७ औसमध्ये. एकाच नावाची, पण दोन वेगळ्या घराण्यांची भातं. दोन्हींचे दाणे पुन्हा कागदावर ठेवले: आखूड, जाड, लालसर तूस. नाव दाण्यावरून पडलेलं दिसतं आणि त्या अर्थी ते दोघांनाही शोभतं.

१६ सप्टेंबर

बहुतेक कुंड्या निसवल्या.

पिवळ्या खुणेचं १७: लोंबीवर लांब, लालसर कुसळ. भावंडांत एकालाही कुसळ नाही. जेलने सहा आठवड्यांपूर्वी सांगितलेलं आता हाताला टोचतंय.

दुपारी उन्हात ३३ च्या कुंड्यांजवळ पिशव्या बांधत होते आणि वास आला. शिजलेल्या सुवासिक तांदळाचा, फिका पण नक्की. शेजारी १२ च्या कुंड्या. तिथे नाक पानांपाशी नेलं, काही नाही. सहकारीला न सांगता बोलावलं. तीही ३३ पाशीच थांबली.

१७ सप्टेंबर

दोघांची पानं कापून बशीत १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये दहा मिनिटं झाकून ठेवली. चौघांनी क्रमांक न बघता वास घेतला. चौघांनीही ३३ ची बशी उचलली.

२३ सप्टेंबर

बीएडीएच-२ जनुकाची चाचणी. भाताचा सुवास मुख्यतः २-असिटाइल-१-पायरोलिन या रसायनाचा. आठव्या गुणसूत्रावरचं हे जनुक नीट चालत असेल तर ते रसायन साठत नाही. सातव्या एक्झॉनमधल्या (जनुकाचा प्रथिन ठरवणारा भाग) आठ बेस-जोड्या गळाल्या की जनुक बंद पडतं आणि सुवास येतो. २००५ मध्ये ब्रॅडबरी आणि सहकाऱ्यांनी चार प्रायमरची एकच पीसीआर दिली: बिनवासाच्या वाणात ३५५ बेस-जोड्यांचा तुकडा, सुवासिकात २५७ चा. एवढा फरक अगारोजवरही दिसतो.

बासमती ३७०: २५७. निप्पॉनबारे: ३५५. वाण १२: ३५५. वाण ३३: २५७.

जेलचा फोटो हातात घेऊन बराच वेळ बसले. आठव्या गुणसूत्रावर माझे दोन मार्कर होते आणि दोन्ही या जनुकापासून लांब. जनुकाशेजारचा आरएम २२३ चालवला, तिथेही १२ आणि ३३ वेगळे. म्हणजे नुसता एक बिंदू नाही, गुणसूत्राचा एक तुकडाच बदललेला आहे. सगळ्यात साधं स्पष्टीकरण असं की कुणीतरी १२ सारख्या भाताचा सुवासिक वाणाशी संकर केला आणि पुढे पुन्हा पुन्हा मूळ भाताकडे वळवत नेला, वास मात्र सोडला नाही. कोवाच आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की हा अलील मुळात जॅपोनिकाच्या बाजूला उगवला आणि नंतर संकरातून इंडिकात आला. इथे तोच प्रवास एका लहान जागेत झालेला दिसतो.

ज्यांनी या भाताला वेगळं नाव दिलं, त्यांनी ते वासावरून दिलं असणार, आणि ते बरोबर होते. 'दुबार' खोडलं.

४ ऑक्टोबर

मॅडमशी बोलणं: एसएनपीवर, म्हणजे डीएनएच्या एकेका अक्षराच्या फरकांवर, जायचं का? २०१८ मध्ये ८९ देशांतल्या ३,०१० भातांच्या जीनोमवरून सुमारे २.९ कोटी एसएनपी मांडले गेले. त्यापुढे २४ जागा म्हणजे काहीच नाही. असे फरक एकदम वाचणाऱ्या तयार चिपची एक अडचण आहे: तिच्यातल्या जागा आधी अभ्यासलेल्या वाणांमधून निवडलेल्या असतात. जे वाण त्या अभ्यासात नव्हते त्यांचे खास अलील तिथे दिसतच नाहीत आणि ते आहेत त्याहून साधे वाटतात. आपल्या संचातले तीन मिश्र वाण नेमके तसे असू शकतात. ठरलं: आधी १२, ३३, ८, २७ आणि तीन मिश्र, एवढ्या सातांचं पूर्ण क्रमवाचन. चिप नंतर बघू.

९ ऑक्टोबर

पाकीट ३० चे काळे दाणे: तीनपैकी दोन उगवले होते. सहा मार्करवर पिवळ्या भावंडांसारखेच. पुन्हा तूस काळंच आलं. सहा मार्कर पुरेसे नाहीत, हे १२ आणि ३३ ने शिकवलंय. 'भेसळ' लिहिलं नाही. 'काळं तूस, तपास बाकी' लिहिलं.

२१ ऑक्टोबर

कापणी आणि पाकिटं. प्रत्येक लाल खुणेच्या रोपाचं बी वेगळं, पाकिटावर वाण क्रमांक, रोप क्रमांक, डीएनए नळीचा क्रमांक. १७ ची दोन पाकिटं: भावंडाचं बी आणि कुसळवाल्या संकराचं बी. ३० ची दोन, पिवळं आणि काळं.

जनुकपेढीला पाठवायच्या तक्त्यात १२ आणि ३३ पुढे असं लिहिलं: 'चोवीस एसएसआर मार्करवर अभिन्न, बीएडीएच-२ आणि आरएम २२३ वर भिन्न, ३३ सुवासिक, १२ नाही, दोन्ही नावं आणि दोन्ही बियाणी स्वतंत्र ठेवावीत.' ८ आणि २७ पुढे दोन गट लिहिले, नाव तेच ठेवलं, शेवटी कंसात संग्रह क्रमांक. मॅडमनी सही केली. पाकिटं आर्द्रता उतरायला सिलिका जेलच्या डब्यात ठेवली.